सात सौ सोला

मला गाडी चालवता येत नाही. सायकलीच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही. तरीही अकरा वर्षं नागपुरातल्या एका सरकारी कचेरीच्या सगळ्या गाड्यांचे टायर माझ्या ताब्यात होते. हुद्दा भांडार लिपिकाचा. कचेरीचं नाव सांगत नाही. सिव्हिल लाइन्समध्ये तशा कचेऱ्या पुष्कळ होत्या, आणि जे सांगतोय त्यात दोष कचेरीचा नव्हता.

भांडार म्हणजे गॅरेजला लागून असलेली एक लांबट खोली. एका भिंतीला टायरांची चवड, दुसऱ्या भिंतीला ट्यूबा, त्यांवर फासलेली पांढरी भुकटी, मध्ये माझं टेबल. रबराचा वास कपड्यांत मुरायचा. संध्याकाळी महाल भागातल्या घरी पोचलो की बायको म्हणायची, "आज नवीन टायर आले वाटते." तिचा अंदाज कधी चुकला नाही. तिला मालाची आवक माझ्या साहेबांच्या आधी कळायची.

टायरच्या अंगावर आकडे असतात. आमच्या जीपला लागायचा ६.००-१६. बाजारात त्याला 'छे सौ सोला' म्हणत. हे आकडे मी रजिस्टरात वळणदार अक्षरात उतरवायचो, आणि वर्षानुवर्षं उतरवल्यामुळे ते आपल्याला समजतात असा माझा समज झाला होता. खरं तर मला फक्त शेवटचा आकडा समजत होता. सोळा म्हणजे लोखंडी रिमचा व्यास, सोळा इंच. टायर रिमवर बसला म्हणजे झालं, एवढंच माझं शास्त्र. पहिल्या आकड्याला मी जाडी समजायचो. आणि जितकं जाड तितकं टिकाऊ, हा नियम आपल्याकडे घोंगडीपासून पुस्तकाच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे, तेव्हा टायरला का नसावा?

हे मी सत्तरच्या दशकातलं सांगतोय. टायरची टंचाई होती. मागणीपत्र पाठवायचं आणि वाट बघायची. जीप तर सतत बाहेर असायची. साहेब पाहणीला सावनेर, खापा आणि आसपासच्या खेड्यांत जायचे. रस्ते अर्धे डांबराचे, अर्धे काळ्या मातीचे. त्या वर्षी पावसाळा संपला तेव्हा जीपचे चारही टायर तळहातासारखे गुळगुळीत झाले होते.

जीपचे जे ड्रायव्हर होते ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. आता लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतोय. तेव्हा आम्ही सगळे त्यांना अरेतुरे करायचो आणि ते आम्हाला 'बाबूजी' म्हणायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही इथे लिहून ठेवायला हवं. उंच, सावळे, बोलणं कमी. राहायला इंदोऱ्याकडे. छप्पन साली नागपुरात ज्या लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांत ते होते. तेव्हा ते पंचविशीत होते आणि एका गिरणीत कामाला होते. वाहन चालवायला नंतर शिकले. सातवीपर्यंत शाळा झालेली. लॉगबुकात नोंद करताना प्रत्येक आकडा वेगळा सुटा काढायचे.

त्यांची आणि कचेरीची अडचण वर्षातून एकदा यायची, खंडेनवमीला. त्या दिवशी गॅरेजमध्ये गाड्यांची पूजा असे. गाड्या धुवायच्या, झेंडूचे हार घालायचे, बॉनेटवर आणि चारही टायरांवर हळदकुंकू लावायचं, चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा. पूजेचं सामान आणण्याचं काम माझ्याकडे. ड्रायव्हर आपली जीप सगळ्यांत स्वच्छ धुऊन ठेवायचे आणि पूजा सुरू झाली की हात पुसत बाजूला उभे राहायचे. दीक्षा घेताना घेतलेल्या प्रतिज्ञा ते पाळत. कुणी नारळ पुढे केला तर "नाई जी, तुम्ही करा," एवढंच म्हणायचे. दुसऱ्या दिवशीचा दसरा त्यांचाही मोठा दिवस असे. पांढरे कपडे घालून घरच्यांसोबत दीक्षाभूमीवर जायचे. पण आमच्या व्हरांड्यात चहा पिणाऱ्यांना दुसऱ्या दिवसाचं काही नसायचं. ते नवमीवरच अडून बसायचे. "गाडीले हात जोडत नाई आन् गाडी हातात देतात," असं कुणीतरी दरवर्षी म्हणायचं. कधीकधी ते मीही म्हटलेलं आहे.

तर त्या वर्षी साहेबांनी नवमीच्या चार दिवस आधी मला बोलावलं. साहेब पुण्याकडून बदलून आलेले. माणूस सरळ, पण कागदावर असेल तेच खरं मानणारा. म्हणाले, "जीपला नवे टायर पूजेच्या आधी लागलेच पाहिजेत. जुन्या टायरांची पूजा करून काय उपयोग?" वरून माल यायला महिना लागणार होता. मी परवानगीचा कागद घेतला, सायकल काढली आणि लकडगंज गाठलं. तिथे एका ओळखीच्या टायरवाल्याकडे विचारलं. त्याने मान हलवली.

"छे सौ सोला नहीं है बाबूजी. सात सौ सोला ले जाओ."

"चालेल का?"

"रिम तो वही सोला का है. बैठ जाएगा. और मजबूत भी है."

दोन-तीन आठवडे थांबलो असतो तर बरोबर मापाचा माल आला असता, असं त्याने स्वतःच सांगितलं. पण नवमी थांबणार नव्हती. सोळाला सोळा जुळले होते, वर एक इंच जाडी जास्त मिळत होती. मला तर सौदा पटलाच. हातगाडीवर चार टायर लादून, त्यांच्यामागे सायकलने मी कचेरीत परत आलो. वाटेत मी बराच खुशीत होतो.

टायर बसवायला ड्रायव्हर स्वतः उभे राहिले. चारही चाकं झाली. पाचवं, म्हणजे मागे टांगलेली स्टेपनी, तिला जुन्यातला त्यातल्या त्यात बरा टायर ठेवला, छे सौ सोला. हे सगळं झाल्यावर त्यांनी नव्या टायरच्या बाजूवरचे आकडे बोटाने पुसून पाहिले आणि भांडारात आले.

"बाबूजी, हा सात सौ सोला हाय."

"हो. मग?"

"आपला छे सौ सोला ऱ्हाते."

"सोळाच आहे ना गा? बसला ना?"

"बसला जी. पन चाक मोठं झालं. पूरं वळवलं का आत पाट्याले घासून राहिलं." पाटा म्हणजे चाकाजवळची लोखंडी कमान. चाक मोठं झालं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही, त्यांनी पुढे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, नवमीला, मी त्या आकड्यांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. टायरच्या त्याच जागेवर, कारण तिथलं रबर सपाट होतं.

दर महिन्याच्या शेवटी गाड्यांची लॉगबुकं माझ्याकडे यायची. गाडी किती किलोमीटर चालली, पेट्रोल किती लागलं, एका लिटरला किती पडले, हे काढून साहेबांना द्यायचं. जीप लिटरला नऊ द्यायची, वर्षानुवर्षं नऊ. दसऱ्यानंतरच्या महिन्यात ती साडेआठच्या खाली आली. मी पेन्सिलीने खूण केली. पुढच्या महिन्यातही तेच. मी ड्रायव्हरना बोलावलं.

"काहून गा, जीप पेट्रोल जास्त पिऊन राहिली?"

त्यांनी थोडा विचार केला. "पेट्रोल तेवढंच लागते जी. मीटर कमी सांगून राहिला."

"मीटरचं काय वैर आहे तुझ्याशी?"

"रस्त्याले किलोमीटरचे दगड हाय ना. खाप्याले जाऊन येऊन पंच्याहत्तर होते. आंधी मीटरबी पंच्याहत्तर सांगे. आता सत्तर सांगते. टायर बदलले तवापासून."

हे त्यांनी मला दिवाळीनंतर, टेबलासमोर उभं राहून, इतक्या सरळ सांगितलं होतं. मी हसलो. मीटर गाडीत असतो, टायर खाली असतो, या दोघांचा काय संबंध? व्हरांड्यात चहा पिताना मी ही गोष्ट चवीने सांगितली. सगळे हसले. एकाने विचारलं, "मग पाच किलोमीटर कुठी जाते? खाप्याच्या पुलाखाली?" दुसरा म्हणाला, "पुलाखाली नाई, डब्यात जाते." म्हणजे पेट्रोल डब्यात काढून विकलं जातं. आणि कुणीतरी जोडलं की नवमीला हात न जोडणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करायची. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्या वाक्याला होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. चहा संपेपर्यंत तिथेच उभा होतो.

तिसऱ्या महिन्याला मी टिपण लिहिलं. लिहिण्याची मला हौस होती. तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक मांडले आणि शेवटी लिहिलं की जीपचालक श्री. अमुक यांच्या ताब्यातील वाहनाचा इंधनवापर संशयास्पद असून पेट्रोलचा अन्यत्र उपयोग होत असल्याची शक्यता नाकारता येत नाही. अमुकच्या जागी त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते मी हजेरीपटावरून पाहून लिहिलं होतं.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय सांगणार साहेब? आकडे समोर आहेत."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आकडे समोर होतेच. पण ते खरं बोलत होते आणि मी नव्हतो.

साहेबांनी ड्रायव्हरना विचारलं तेव्हाही त्यांनी दगडांची गोष्ट सांगितली. साहेबांनी ऐकून घेतली आणि लेखी देता का म्हणून विचारलं. ड्रायव्हर म्हणाले, "मी चोरी नाई केली, एवढं लेखी देतो. बाकी बाबूजीले म्या सांगतलं हाय." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं. चौकशी होईपर्यंत त्यांना जीपवरून उतरवून फाटकावर बसवायचा हुकूम निघाला. गुन्हा शाबित झाला तर चालकाची नोकरी जाणार होती. झाला नसता तरी पेट्रोलचोर हे नाव चिकटलंच होतं.

फाटकावर लोखंडी स्टूल होतं. गाडी आली की उठायचं, फाटक उघडायचं, गाडी गेली की लावायचं. त्यात त्यांची जीपही आली. तिच्यासाठी दिवसातून चार वेळा फाटक उघडताना मी त्यांना खिडकीतून पाहायचो. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल रस्त्याकडून आत, कडुनिंबाच्या बुंध्याआड ओढून घेतलं. मला वाटलं सावलीसाठी. दिवस थंडीचे होते, सावली कुणाला हवी होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांची मुलगी कॉलेजात शिकत होती आणि तिचा सायकलचा रस्ता आमच्या फाटकावरून होता, हे मला नंतर चौकीदाराने सांगितलं.

जीपवर दुसऱ्या गाडीचे ड्रायव्हर आले. दरवर्षी नारळ फोडण्याचा मान त्यांचा. दहा दिवसांनी साहेबांनी सांगितलं म्हणून मी त्यांचं लॉगबुक पाहिलं. भागाकार केला. लिटरला आठ पूर्णांक चार.

पुन्हा केला. आठ पूर्णांक चार.

त्या क्षणी मला जे वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. मला वाटलं, 'गाडीत काहीतरी बिघाड असला पाहिजे.' एवढंच वाटलं. हा माणूस चोरी करत असेल, हे मनाला शिवलंही नाही. मग दोन मिनिटांनी माझं माझ्याच लक्षात आलं की आकडा तोच आहे, गाडी तीच आहे, फक्त माणूस बदलल्याबरोबर माझा निष्कर्ष बदलला. मला फार लाज वाटली. खोलीत कुणी नव्हतं तरी मी उठून दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या तासभर आधी मी पोचलो. फाटकावर ते आलेले होते. मी म्हटलं, "जरा जीपपाशी येता का? मोजून पाहायचं आहे." 'तू'चं 'तुम्ही' कधी झालं मला कळलं नाही. त्यांना कळलं असावं, पण त्यांनी दाखवलं नाही.

"काय मोजता जी?"

"चाक एका फेऱ्यात किती जाते ते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे तीन महिन्यांपूर्वी का सुचलं नाही, असं विचारायचं बाकी राहिलं. मग कामाला लागले. जीपची चावी त्यांच्याकडे नव्हती. "ढकलू," म्हणाले. खूण करायला काही हवं म्हणून मी टेबलाच्या खणातून नवमीच्या कुंकवाची पुडी आणली. त्यांनी ती पाहिली.

"कुंकू राहू द्या बाबूजी. चुना चालते."

चौकीदाराकडून चुन्याची डबी आणली. गॅरेजसमोरच्या सिमेंटवर मागचं डावं चाक जिथे टेकत होतं तिथे रबरावर एक ठिपका आणि जमिनीवर एक रेघ. मी, ते आणि चौकीदार अशा तिघांनी जीप ढकलली. ठिपका वर गेला, पलीकडून खाली आला, जमिनीला लागला. दुसरी रेघ. मी भांडारातला लोखंडी टेप धरला. सात फूट नऊ इंच.

"आता स्टेपनी काढा," ते म्हणाले. सांगणारे आता ते होते.

स्टेपनी काढून तिच्यावर तसाच ठिपका दिला आणि त्यांनी ती हाताने त्याच सिमेंटवरून सरळ घरंगळवत नेली. सात फूट तीन इंच. मग ती त्यांनी मागच्या चाकाला खेटून उभी केली. शेजारी शेजारी दोन चाकं, रिम एकसारखी, आणि माथ्यांत बोटभर नव्हे, चांगला दोन इंचांचा फरक. ही स्टेपनी तीन महिने जीपच्या पाठीला टांगलेली होती. जीप माझ्या खिडकीसमोर उभी राहायची, तोंड पलीकडे, पाठ माझ्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

टेबलावर बसून हिशेब केला. त्या काळच्या टायरांचं एक साधं होतं. टायर जितका रुंद, साधारण तितकीच त्याची बाजूची भिंत उंच. म्हणजे पहिला आकडा जाडीचा आहे आणि उंचीचाही. ती उंची रिमच्या वरही येते आणि खालीही. सहा, सोळा, सहा मिळून अठ्ठावीस. सात, सोळा, सात मिळून तीस. मी एक इंच जाड टायर आणला होता आणि चाक दोन इंचांनी उंच झालं होतं. मीटरला रस्ता दिसत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि प्रत्येक फेरा अठ्ठावीस इंची चाकाचा आहे असं धरून चालतो. चाक तीसचं झालं की गाडी पंधरा किलोमीटर जाते आणि मीटर चौदा दाखवतो. लिटरचे नऊ असतील तर आठ पूर्णांक चार दाखवतो. पंच्याहत्तर असतील तर सत्तर.

सत्तर. खाप्याला जाऊन येऊन.

ते टेबलासमोर उभे होते. मी कागद त्यांच्याकडे वळवला आणि सत्तरवर बोट ठेवलं. त्यांनी पाहिलं. "हो जी," म्हणाले, "तेच सांगतलं होतं."

त्याच दिवशी मी दुसरं टिपण लिहिलं. 'तपासणीअंती असे आढळून आले की जीपला बसवलेले टायर मूळ मापापेक्षा मोठे असल्याने मीटरची नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी येत आहे. इंधनाच्या वापरात गैर काही आढळत नाही.' सोबत गणित जोडलं, आकृतीसुद्धा काढली. साहेब खुश झाले. "तुमचं डोकं गणितात चांगलं चालतं हो," म्हणाले आणि शेरा मारला की चालकास पूर्ववत कामावर घ्यावे. गणित कुणाचं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. स्तुती संपेपर्यंत मान खाली घालून उभा होतो. त्यांना तो विनय वाटला.

दुपारी ड्रायव्हर चावी घ्यायला भांडारात आले. चावी हातात घेतली, पण गेले नाहीत.

"कागद पाहू द्या जी."

मी दिला. ते ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेले. मग म्हणाले, "पहिला कागदबी द्या." फाइल तशी कुणाला दाखवायची नसते, पण मी तोही दिला. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले.

"ह्या कागदात माहं नाव हाय. ह्याच्यात काहून नाई?"

"ह्याच्यात टायरचं लिहिलं आहे ना."

"त्याच्यात पेट्रोलचं लिवलं होतं. तरी नाव होतं."

"मग काय लिहू?"

"मी पहिलेच सांगतलं होतं, तेवढं लिवा. नाव घालून."

मागणी रास्त होती. अडचण एवढीच होती की चालकाने आधीच सांगितलं होतं असं लिहिलं की कुणाला सांगितलं होतं हा प्रश्न उरतो. चुकीच्या मापाचे टायर कुणी आणले हाही. लिहितो म्हणून मी दोन दिवस काढले. ते विचारायला आले नाहीत. रोज चावी घ्यायला यायचे, फाइल ठेवलेल्या कपाटाकडे एकदा पाहायचे आणि जायचे. तिसऱ्या दिवशी मी लिहायला बसलो. तीन कागद फाडले. चौथ्यावर जे जमलं त्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला. 'चाकाच्या मापातील फरक चालक श्री. अमुक यांनी टायर बसवतेवेळीच निदर्शनास आणून दिला होता. तथापि भांडार शाखेकडून त्याकडे दुर्लक्ष झाले.' त्यांचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. या वेळी हजेरीपट पाहावा लागला नाही.

त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी पुन्हा बोट धरून वाचलं. आपल्या नावापाशी थांबले, मग पुढे गेले, शेवटपर्यंत.

"भांडार शाखा म्हंजे कोन जी?"

शाखेत मी होतो आणि एक टेबल होतं.

"मी चोर होतो तवा माहं नाव लिवलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "चूक झाली तवा शाखेचं."

पेन माझ्या हातात होतं. कागदात जागाही होती. ते थोडा वेळ थांबले, मला वाटतं मला वेळ द्यावा म्हणूनच. मग म्हणाले, "बरोबर टायर कवा येते ते सांगजा," आणि जीप धुवायला गेले. कागद तसाच वर गेला. साहेबांनी 'पाहिले' असं लिहून सही केली.

छे सौ सोलाचे टायर उन्हाळ्यात आले. सात सौ सोला काढून ते बसवले आणि जीप पुन्हा लिटरला नऊ दाखवू लागली. त्यानंतर बरीच वर्षं आम्ही एकाच आवारात होतो. ते मला बाबूजी म्हणत राहिले. टायर आले की आकडे ते वाचायचे, मी लिहून घ्यायचो. त्या कागदाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि माझीही हिंमत झाली नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी हार मी घातला.

आता हे लिहून झाल्यावर मी पहिल्यापासून वाचून पाहिलं. यात त्यांचं नाव नाही, माझंही नाही. त्यांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय लिहिण्याचा मला हक्क नाही, आणि विचारायला ते आता नाहीत. माझं लिहायला कुणाला विचारायचं नव्हतं.